गाडीचं अ‍ॅव्हरेज का पडलं?

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून, थोडी काटछाट करून.)



सेक्रेटरींनी विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, गाडीच्या अ‍ॅव्हरेजवर बोलतो. त्यांचा चेहरा जरा उतरला. त्यांना वाटलं होतं की बँकेतला माणूस म्हणजे मुदत ठेवी नाहीतर नॉमिनेशन यांवर बोलणार. त्या दोन्ही विषयांवर मी याच हॉलमध्ये बोललोय आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या दुपारच्या झोपेची सोय केलेली आहे. आज गाडीवरच बोलतो. शिवाय यात माझ्याकडून राहिलेला एक हिशोब आहे, तो सगळ्यांच्या समोर पुरा करायचा आहे.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा आपल्या पार्किंगमध्ये मोजून पाच चारचाकी होत्या, बाकी सगळ्या स्कूटरी. माझी जुनी मारुती आठशे त्या पाचांतली एक. तिचं अ‍ॅव्हरेज पडलं की काय करायचं हे ठरलेलं होतं. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे जायचं, तो बॉनेट उघडून कार्ब्युरेटरशी स्क्रूड्रायव्हरने खुडबुड करायचा, कान लावून इंजिन ऐकायचा आणि म्हणायचा, "साहेब, आता बघा." पन्नास रुपये दिले की काम झालं. आता ते दिवस गेले. आता गाडीला बॉनेटखाली काय आहे ते मालकाला कळत नाही, आणि माझा अनुभव असा की सर्व्हिसिंग करणाऱ्यालाही प्रत्येक वेळी कळतंच असं नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मुलाने आग्रह करून मला हायब्रिड गाडी घ्यायला लावली. कुठल्या कंपनीची ते खाली पार्किंगमध्ये सगळ्यांना दिसतंच, स्मरणिकेत मात्र नाव छापायचं नाही असं मी सांगून ठेवलंय. कारण जे झालं ते एका वर्कशॉपमधल्या एका दुपारचं झालं, त्याला कंपनी जबाबदार आहे असं माझं म्हणणं नाही.

ज्यांच्याकडे अशी गाडी नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हायब्रिड म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटार, दोन्ही एकाच गाडीत. जगात अशी मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली पहिली गाडी म्हणजे टोयोटाची प्रियस, १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये आली. हिला घरी चार्जिंगला लावायचं नसतं. तुम्ही ब्रेक मारता तेव्हा साध्या गाडीत चाकाचा जोर घासून, उष्णता होऊन वाया जातो. हायब्रिडमध्ये तीच मोटार उलटी चालून डायनॅमोसारखी वीज तयार करते आणि बॅटरीत भरते. पुढे सिग्नल सुटला की तीच वीज गाडी ओढते आणि इंजिन बंद राहतं. म्हणजे करंट खात्यासारखं आहे बघा, सारखी जमा, सारखी नावे, शिल्लक फार कधीच नसते. बॅटरी लहानच असते, नुसत्या तिच्यावर गाडी फार लांब जात नाही. पण शहरात, कर्वे रोडसारख्या ठिकाणी, जिथे दर दोनशे मीटरवर थांबायचं असतं, तिथे ही जमा-नावे दिवसभर चालते आणि म्हणून साधी गाडी जिथे जास्त पेट्रोल खाते तिथेच ही कमी खाते.

माझी एक सवय आहे. १९७४ साली बँकेत लागलो तेव्हापासून खिशात डायरी असते. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, किलोमीटर, लिटर. एकाच पंपावर, शक्यतो एकाच मशीनवर, टाकी पूर्ण, आणि नोझल पहिल्यांदा टक् करून बंद झालं की थांबायचं. राऊंड फिगर करायला पुढे थेंब घालायचा नाही. पुढच्या वेळी पुन्हा टाकी पूर्ण केली की मधले किलोमीटर भागिले आता मावलेले लिटर. झालं अ‍ॅव्हरेज. डॅशबोर्डवरचा आकडा मी बघतो, पण तो म्हणजे खातेदाराने तोंडी सांगितलेला बॅलन्स. पासबुक वेगळं.

तर या डायरीप्रमाणे दीड वर्ष गाडी लिटरला सरासरी २१.६ किलोमीटर देत होती. शहरात थोडं, महिन्यातून दोनदा वाईला जाणं, त्यात खंबाटकी घाट, असं सगळं धरून. २०२५ च्या फेब्रुवारीत वीस हजार किलोमीटरची सर्व्हिसिंग झाली. ऑईल बदललं, फिल्टर बदलले, ब्रेक साफ केले, चाकं अदलाबदल, अलाइनमेंट, नायट्रोजन. गाडी चकाचक होऊन आली. आणि डॅशबोर्डवर आकडा दिसला १४.

पहिल्या दिवशी मी मनाशी हसलो. त्याचं कारण सांगतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळांना इथेच घाम फुटतो. वर्कशॉपमध्ये ट्रिप मीटर शून्य केला असेल किंवा बॅटरीची वायर काढून लावली असेल तर जुनी सरासरी पुसली जाते. नंतर गाडी उभी ठेवून इंजिन चालवून बघतात, जागच्या जागी मागेपुढे करतात. त्या वेळात पेट्रोल जातं, किलोमीटर होत नाहीत. पाच-दहा किलोमीटरच्या हिशोबावर आलेला तो १४ म्हणजे कशाचीच सरासरी नव्हे. म्हणून म्हटलं, दोन टाक्या जाऊ देत.

दोन टाक्या गेल्या. पहिली ५१२ किलोमीटर, २९.४ लिटर, म्हणजे १७.४. दुसरी ४९८ किलोमीटर, २८.१ लिटर, म्हणजे १७.७. आता मात्र हसू गेलं.

हा फरक रुपयांत किती, तेही मांडून बघितलं. लिटरला किती किलोमीटर यापेक्षा शंभर किलोमीटरला किती लिटर हे बघावं, खर्च लगेच डोळ्यासमोर येतो. आधी शंभराला ४.६ लिटर लागत होतं, आता ५.७. लिटर शंभराच्या वर. माझ्या वापराला महिना साधारण चौदाशे रुपये. पेन्शनर माणसाला चौदाशे दिसतात हो.

आणि आता ती गोष्ट सांगतो जी सांगायला मी इथे उभा आहे.

आपल्याकडे सकाळी गाड्या धुणारा मुलगा आहे, परभणीकडचा. त्याला विचारूनच मी हे बोलतोय; तो म्हणाला, "बोला काका, माझं काय." आपल्या पार्किंगमध्ये एकामागे एक गाड्या लागतात, त्यामुळे पुढची काढायला मागची हलवावी लागते. म्हणून सात-आठ घरांच्या चाव्या त्याच्याकडे असायच्या. माझीही होती. आतून व्हॅक्यूम करायलाही लागते. एका स्नेह्यांनी मला सांगितलं की, "अहो, तो तुमच्या गाडीत बसलेला असतो, एसी लावून. मी स्वतः इंजिन सुरू झालेलं ऐकलंय." दुसरे म्हणाले, "पेट्रोल काढत असेल. टाकीचं झाकण आतूनच तर उघडतं."

मी बँकेत सदतीस वर्षं काढली. आणि मी काय केलं? विचारलं नाही, शोधलं नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं, "पार्किंगमधील वाहनांच्या पेट्रोलबाबत सभासदांनी दक्ष राहावे. चाव्या कोणाकडे देतो याचा विचार करावा." नाव नव्हतं, पण चाव्या कोणाकडे असतात हे सगळ्यांना ठाऊक. दुसऱ्या दिवशी मी चावी परत घेतली. आठवड्याभरात आणखी दोन घरांनी घेतली आणि कामच बंद केलं. माझ्याकडून त्याला महिन्याला सहाशे मिळत होते. तीन घरांचे अठराशे. माझे चौदाशे जात होते, त्याचे अठराशे गेले.

सेक्रेटरींनी सीसीटीव्ही बघितलं. त्यात काय होतं? गाडीचं दार उघडं, मुलगा आत व्हॅक्यूम फिरवतोय, सात मिनिटं. गाडी चालू केलेली, कारण आतले दिवे लागावेत म्हणून. आणि हायब्रिडमध्ये गाडी "चालू" असली तरी इंजिन बंद असतं, आणि बॅटरी उतरली की ते आपणहून सुरू होतं. आमच्या स्नेह्यांनी ऐकलं ते हे. टाकीच्या झाकणाजवळ कोणी फिरकलेलंही नव्हतं. एवढं दिसूनही मी ग्रुपवर खुलासा टाकला नाही. म्हटलं, बघू, खरं कारण सापडेपर्यंत राहू दे. बँकेत न जुळलेली रक्कम सस्पेन्स अकाउंटला टाकतात, तसं मी त्या पोराला सस्पेन्सला टाकलं.

आमच्या सौभाग्यवतींनी तेव्हा एकच विचारलं, "तुम्ही त्याच्याशी बोललात का?" मी म्हटलं, त्याला गाडीतलं काय कळतंय.

१९८१ सालची गोष्ट आठवते. सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेत संध्याकाळी कॅश नऊशे रुपये कमी आली. तेव्हा नऊशे म्हणजे मोठी रक्कम. सगळ्यांच्या नजरा शिपायाकडे, कारण दुपारी तो काऊंटरच्या आत येऊन गेला होता. आमचे हेड कॅशियर मात्र शांत. म्हणाले, "नऊने भाग जातोय. आकडा कुठेतरी सरकलाय." आकड्यांची अदलाबदल झाली किंवा एक शून्य जास्त पडलं की फरकाला नऊने भाग जातो; जुन्या बँकवाल्यांना हे पाठ असतं. रात्री नऊच्या सुमारास स्लिप सापडली. शंभर रुपयांचा भरणा स्क्रोलला हजार लिहिला होता. लिहिणारा मीच होतो. शिपाई घरी गेलाच नव्हता, बाहेरच्या बाकावर बसून होता.

तो बाक मला मार्चमध्ये एका रात्री आठवला. त्यानंतर मी डायरी काढली आणि जे आधीच करायला हवं होतं ते सुरू केलं, म्हणजे सर्व्हिसिंगनंतर नेमकं काय काय बदललं याची यादी.

पेट्रोल? हल्ली काही झालं की आपण इथेनॉलचं नाव घेतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते हे खरं. वीस टक्के मिसळलं तर निखळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के कमी पडेल. पण माझा फरक एकोणीस टक्क्यांचा, आणि पंप तोच, सर्व्हिसिंगच्या आधीचं आणि नंतरचं पेट्रोल तेच. ही नोंद कटली.

एसी? मार्च लागला होता, ऊन वाढलं होतं, थोडा फरक धरला. पण मागच्या वर्षीच्या एप्रिल-मेच्या नोंदी डायरीत होत्या, तेव्हा २०.८ च्या खाली आकडा कधी गेला नव्हता.

बॅटरीची हवा? ही गोष्ट हायब्रिडवाल्यांनी लक्षात ठेवा. बऱ्याच गाड्यांमध्ये मागच्या सीटच्या बाजूला किंवा खाली एक जाळी असते, तिथून बॅटरी थंड ठेवायला हवा घेतली जाते. तिच्यावर शाल, पिशवी, नवीन सीटकव्हर आलं किंवा आत धूळ साचली तर बॅटरी तापते, गाडी तिचा वापर आवरता घेते आणि इंजिन जास्त चालतं. माझी जाळी स्वच्छ होती. कोणी स्वच्छ ठेवली होती ते सांगायला नको.

मग छोट्या फेऱ्या. ही माझी स्वतःची चूक सापडली. फेब्रुवारीतच आमच्या हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रोज सकाळी फिजिओथेरपीला तीन किलोमीटर जाणं, तीन येणं. थंड इंजिन सुरुवातीला गरम होण्यासाठी चालूच राहतं, बॅटरी भरलेली असली तरी. ते जेमतेम गरम होतं तोवर आपण पोचलेलो असतो. म्हणजे हायब्रिडचा फायदा मिळायच्या आतच प्रवास संपतो. थोडा फरक इथला. पण सगळा नाही, कारण वाईच्या फेरीतसुद्धा आकडा पडला होता आणि वाईला काही थंड इंजिनाने पोचत नाही आपण.

टायर. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर माझ्या गाडीला ३३ पीएसआय लिहिलंय. मी गेज विकत आणलं आणि सकाळी, गाडी हलवायच्या आधी मोजलं. चारही चाकांत २७. चाकं थंड असतानाच मोजायचं, कारण गाडी चालली की हवा तापून आकडा चढतो. नायट्रोजन भरला म्हणून काही कमी हवा चालत नाही. हवा कमी तर टायर जास्त चेपतो, गाडी जड चालते. ३३ केली. एका वेळी एकच दुरुस्ती करायची, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. पुढची टाकी ५०६ किलोमीटर, २७.८ लिटर, १८.२. सुधारलं, पण अर्धा किलोमीटर.

बिल काढलं. आपण बिलाची बेरीज बघतो, ओळी बघत नाही. गाडीच्या पुस्तकात ऑईल लिहिलंय ०डब्ल्यू-२०, म्हणजे पातळ. बिलात ५डब्ल्यू-३०. हायब्रिडचं इंजिन दिवसात शेकडो वेळा बंद-चालू होतं आणि बऱ्याचदा पूर्ण तापतही नाही, म्हणून त्याला पातळ ऑईल देतात. जाड ऑईलने इंजिन लगेच बिघडत नाही, पण फिरवायला जोर जास्त लागतो. फोन केला. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर फार गोड बोलणारा तरुण. म्हणाला, "सर, हायब्रिडमध्ये ड्रायव्हिंग पॅटर्नवर असतं." ऑईलच्या प्रश्नाला उत्तर नाही. पण तरीही, ऑईलने एक-दोन टक्के जातील. माझे जवळजवळ सोळा टक्के अजून न जुळलेले.

इथे मी अडकलो. दोन दिवस पुस्तक वाचलं.

तिसऱ्या दिवशी फिजिओहून आठच्या सुमाराला परत आलो. मुलगा शेजारची गाडी धूत होता. आता मी त्याला काम देत नव्हतो, तरी नमस्कार करायचा. मी गाडी लावून उतरलो, आणि त्या दिवशी काय झालं कोण जाणे, त्याला विचारलं, "अरे, तू रोज गाडी धुवायचास, तुला काही वेगळं दिसलं होतं का?"

तो म्हणाला, "काका, मी तर सांगितलं होतं."

"कधी?"

"चावी घेतली ना तुम्ही, त्याच्या आदल्या दिवशी. मागच्या डाव्या चाकाला काळी पूड लई बसायली म्हणून. बाकी तीन चाकं एकदा पुसली की साफ, ते चाक पुसलं की फडका पूर्ण काळा. तुम्ही फोनवर होता."

मी फोनवर होतो. कोणाशी, तर ज्यांनी मला एसीचं सांगितलं त्यांच्याशी.

तो वाकला, बादलीतलं पाणी ओंजळीत घेऊन मागच्या उजव्या चाकाच्या आत, ब्रेकच्या चकतीवर शिंपडलं. काही नाही. डाव्या चाकावर शिंपडलं. चर्र झालं आणि वाफ आली. तीन किलोमीटर चालवून आणलेली गाडी, तीही हळू. हे कोणी करून बघू नका, तापलेल्या चकतीवर पाणी टाकू नये, तिला तडा जाऊ शकतो किंवा ती वाकडी होऊ शकते. हात जवळ नेला तरी कळतं, लावायचा नाही.

ती काळी पूड म्हणजे ब्रेकचं पॅड झिजून पडलेला भुगा. ते चाक सतत ब्रेक लागलेल्या अवस्थेत फिरत होतं. मग आम्ही दोघं नाक्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो. त्याने मागची दोन्ही चाकं एकेक करून जॅकवर उचलली. उजवं हाताने ढकललं की मोकळं फिरत होतं. डावं अर्ध्या फेरीत थांबत होतं आणि घासल्याचा आवाज.

हायब्रिडमध्ये हे का होतं तेही नंतर वाचून समजलं. वेग कमी करायचं बरंचसं काम मोटारच करते, त्यामुळे खरे ब्रेक क्वचितच जोरात लागतात. वापर कमी म्हणून कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजतात, जाम होतात. त्यामुळे त्या वेळच्या वेळी साफ करून ग्रीस लावायच्या असतात. म्हणजे ब्रेक साफ करणं हे बरोबरच होतं. ते नीट केलं नव्हतं.

वर्कशॉपला या वेळी फोन केला नाही. पत्र लिहिलं. आधीच्या दीड वर्षाची सरासरी, नंतरच्या तीन टाक्या, टायरची हवा, बिलातली ऑईलची ओळ, पंक्चरवाल्याकडचं निरीक्षण, आणि विनंती की वर्क्स मॅनेजरनी माझ्याबरोबर गाडी चालवून बघावी आणि चाक माझ्यासमोर उघडावं. लेखी गेलं की माणसं वेगळी वागतात, हे बँकेत टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून मी शिकलोय. मॅनेजर बाई स्वतः आल्या. चाक उघडलं. एक पिन कोरडी पडून जाम, आणि पॅडची क्लिप वाकडी बसवलेली, त्यामुळे पॅड मागे सरकतच नव्हतं. त्या मेकॅनिकला काही बोलल्या नाहीत, मला म्हणाल्या, "सर, आमची चूक." पॅड बदलली, दोन्ही बाजूंची. ऑईल पुस्तकाप्रमाणे भरलं, त्याचे पैसे घेतले नाहीत. फिल्टरचे मी दिले.

मागच्या ब्रेकचं चाक तापत राहिलं असतं तर काय झालं असतं? खंबाटकीच्या उतारावर ब्रेकचं तेल उकळलं असतं तर? हा विचार मला रात्री दोन वाजता आला आणि त्या रात्री परत झोप लागली नाही. मी तोवर चौदाशे रुपयांचा विचार करत होतो. गाडीत गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बायको होती.

पुढची टाकी ५३० किलोमीटर, २५.७ लिटर. २०.६. जूनमध्ये फिजिओ संपली, छोट्या फेऱ्या थांबल्या, पाऊस लागून एसी कमी झाला. ५४१ किलोमीटर, २५.४ लिटर, २१.३. जुन्या सरासरीपेक्षा अजून जरासा कमी आहे. मी पंचाहत्तरीकडे आलोय, माझंही आहे.

आता तो राहिलेला हिशोब.

ब्रेक दुरुस्त झाल्यावर मी ग्रुपवर खुलासा टाकला. मी फेब्रुवारीत टाकलेला मेसेज सगळ्यांनी वाचला होता, त्यावर बावीस उत्तरं आली होती. खुलाशाला तीन अंगठे आले. त्यातला एक सेक्रेटरींचा. म्हणून आज तोंडाने सांगतोय, माईकवर. पेट्रोल कोणी काढलं नव्हतं. गाडीत एसी लावून कोणी बसलं नव्हतं. ज्या मुलावर मी संशय घेतला त्यानेच माझ्या गाडीतला दोष पहिल्यांदा पाहिला, पहिल्यांदा सांगितला, आणि मी ऐकला नाही. मी त्याच्याकडे जाऊन माफी मागितली. तो इतका अवघडला की बादली घेऊन पाणी भरायलाच निघून गेला. तीन महिन्यांचे पैसे देऊ केले. घेतले नाहीत, म्हणाला, "काम केलं नाही तर पैसे कशाचे." ते मी सोसायटीच्या खात्यात त्याच्या नावाने ठेवले आहेत, दिवाळीला सेक्रेटरींच्या हातून देऊ, तेव्हा नाही म्हणणार नाही असं त्याच्या आईकडून कबूल करून घेतलंय.

माझी चावी त्याच्याकडे परत गेली आहे. त्या दोन घरांपैकी एकांनी दिली. दुसरे सभासद आज इथे बसले आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनी माझ्या शब्दावर चावी काढून घेतली होती. पण आता माझ्याच शब्दावर परत द्यावी अशी त्यांना विनंती आहे. कार्यक्रमानंतर मी तुमच्याकडे चहाला येतोय, वहिनींना सांगून ठेवा.

एक शेवटचं, ते कामाचं. टायरचं गेज मी खाली वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला अडकवून ठेवलंय, दोरी बांधून. हवा कशी बघायची ते गाड्या धुणाऱ्या मुलाला मी शिकवलंय. आता तोच रविवारी सकाळी सहा ते आठ, गाड्या बाहेर निघायच्या आत, ज्याला पाहिजे त्याची हवा बघून देतो आणि स्टिकरवरचा आकडा आणि गेजवरचा आकडा वहीत लिहितो. वही माझी आहे, रकाने मीच आखून दिलेत. मागच्या रविवारी एकोणीस गाड्या झाल्या आणि त्यांतल्या अकरांत हवा कमी निघाली. कोणाच्या त्या नावानिशी वाचत नाही. गेज वापरा आणि परत खिळ्याला अडकवा.